हेडलाइट पिवळे पडलेत? टूथपेस्ट, सोडा, व्हिनेगर: काय चालतं आणि काय नुसतंच फसफसतं

धागाकर्ता: कर्वेरोडकर

मे संपत आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलेला व्हिडिओ येतो. पिवळट, दुधाळ हेडलाइट, त्यावर पिळलेली टूथपेस्ट, दोन मिनिटं फडकं फिरवलं की लखलखाट. खाली लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, करून बघितलंय, एकदम मस्त. दुसरा म्हणतो, काही उपयोग नाही, दिवा होता तसाच झाला. दोघंही खरं बोलत असतात. पहिला त्याच संध्याकाळी बोलतो आणि दुसरा दिवाळीत.

मी मेकॅनिक नाही. पण दिवे घासायची सवय लागल्यामुळे नात्यातल्या बऱ्याच गाड्या या कामासाठी माझ्याकडे येतात. पावसात रात्री खंबाटकी चढताना पुढे पांढरा पट्टा दिसतोय की नुसता उजेडाचा भास, हा फरक ज्यांनी पाहिलाय त्यांच्यासाठी हा धागा.

आधी हा पिवळेपणा कुठून येतो ते. पद्मिनी, अँबेसेडरच्या दिव्यांना खरोखरची काच होती. काच फुटते, पण उन्हाने पिवळी पडत नाही. आपण आता सवयीने जिला 'काच' म्हणतो ती पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते. वजन काचेच्या निम्म्याहून कमी, खडी उडाली तरी सहसा फुटत नाही आणि हवा तो आकार देता येतो. अमेरिकेत पूर्वी ठरावीक मापाचेच सीलबंद गोल-चौकोनी दिवे लावायची सक्ती होती. १९८३ साली ती सैल झाली आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनपासून तिकडे गाडीच्या नाकासारखे वळणारे दिवे आले. आपल्याकडेही आता बहुतेक गाड्यांना तेच.

पण या प्लास्टिकच्या दोन खोडी आहेत. ते मऊ आहे, पटकन चरे पडतात. आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं होतं. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कडक पारदर्शक लेप चढवतात. हा लेप मायक्रॉनमध्ये मोजायचा इतका पातळ असतो. वर्षानुवर्षं ऊन खाऊन आधी तो निस्तेज होतो, मग त्याला बारीक तडे जातात, पापुद्रे सुटतात आणि मग खालच्या उघड्या प्लास्टिकवर ऊन काम करायला लागतं. म्हणजे आपल्याला दिसणारा धुरकटपणा हा थोडा मेलेल्या लेपाचा आणि थोडा खालच्या प्लास्टिकचा. घासून आपण जे काढतो ते म्हणजे हा खराब थर. आणि तो थर काढला की दिव्याचं छत्रीसारखं असलेलं एकमेव संरक्षणही गेलं. व्हिडिओत हे कुणी सांगत नाही, आणि दिवाळीवाला माणूस रागावतो तो यामुळेच.

एक गंमत बघा. सोसायटीत आपली जागा ठरलेली असते, गाडी रोज एकाच दिशेला तोंड करून उभी राहते. ज्या दिव्यावर दुपारनंतरचं ऊन पडतं तो आधी पिवळा होतो आणि दुसरा भिंतीच्या सावलीत नव्यासारखा राहतो. आपापल्या पार्किंगमध्ये खाली जाऊन बघा.

हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये मोजमाप केलं होतं. खराब झालेल्या जुन्या दिव्यातून नव्याच्या जेमतेम २२ टक्के उजेड बाहेर पडत होता. घासून, पॉलिश करून तो ७० टक्क्यांच्या आसपास आला. पूर्ण शंभर नवा दिवा घेतल्यावरच. हे ७० लक्षात ठेवा, पुढे वाद होणार आहे.

आता काम. सुरुवातीला दिव्यावर पाणी ओता आणि ओला असताना बघा. ओला असताना दिवा स्वच्छ दिसत असेल तर धुरकटपणा बाहेरून आहे, काम होणार. पाणी ओतूनही धुकं तसंच राहिलं तर ते आतून आहे किंवा फार खोल आहे, मग टूथपेस्टची नळी वाया घालवू नका.

टूथपेस्ट चालते, कारण ती मुळात सौम्य घासणी आहे. आपल्याकडच्या बऱ्याच पांढऱ्या पेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट असतं, जेलमध्ये सिलिका. दोन्ही चालतात, मी पांढरी वापरतो कारण कुठे लागली आणि कुठे राहिली ते दिसतं. दिवा भांड्याच्या साबणाने धुऊन घ्या. भोवतीच्या रंगावर, बंपरवर आणि बॉनेटच्या कडेवर मास्किंग टेप लावा, नाहीतर दिवा चमकेल आणि शेजारचा रंग जाईल. ओलं सुती फडकं, नखाएवढी पेस्ट, लहान लहान गोल, जरा जोर लावून. पेस्ट सुकू द्यायची नाही, मधूनमधून पाण्याचा हबका. सगळं सावलीत करायचं. उन्हात तापलेल्या दिव्यावर पेस्ट दोन मिनिटांत खडूसारखी वाळते. एका दिव्याला दहा मिनिटं तरी द्या. फडकं पिवळं झालं म्हणजे मेलेला थर निघतोय.

खाण्याचा सोडा पाण्यात कालवून तेच काम थोडं हळू करतो. व्हिनेगर, लिंबू, कोला यांनी पिवळेपणा जात नाही. खोबरेल तेल किंवा गंजावर मारायचा स्प्रे लावला की दिवा क्षणात स्वच्छ दिसतो आणि तितक्याच लवकर परत धुरकट होतो, वर धूळ चिकटते ती वेगळी.

पापुद्रे सुटले असतील, बोट फिरवल्यावर खरखर लागत असेल, तर मात्र पेस्टचं काम नाही. तिथे वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा बारीक पॉलिश पेपर. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत किंवा जवळच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. ८०० किंवा १००० पासून सुरू करा, मग १५००, मग २०००, मिळाला तर ३०००. कागद पाण्यात भिजवून, साबणाचं पाणी सोडत घासायचं. एका नंबरने आडवं घासलं की पुढच्या नंबरने उभं, म्हणजे आधीच्या कागदाचे चरे गेलेत की नाहीत ते कळतं. सुरुवातीला पिवळट गाळ येईल, तो पांढरा आला की नंबर बदला. या टप्प्यावर दिवा आधीपेक्षाही भयंकर दिसतो आणि घरातली मंडळी बाल्कनीतून "काय केलंस हे" म्हणतात. घाबरू नका. शेवटी रबिंग पॉलिश किंवा तीच टूथपेस्ट, की पारदर्शकपणा परत येतो.

आणि मग झाकण. घासलेल्या दिव्यावर काहीतरी अतिनील किरणं अडवणारं चढवलं नाही तर काही महिन्यांत परत पहिले पाढे. स्वस्तातला उपाय गाडीचं वॅक्स, पण ते दर महिन्या-दोन महिन्यांनी परत लावावं लागतं आणि ऊन फारसं अडवत नाही. पक्का उपाय पेंटरकडून टू-के क्लिअर कोट (दोन भाग मिसळून मारायचा पारदर्शक लेप) मारून घेणं, किंवा गाडीच्या रंगावर चिकटवतात ती पारदर्शक फिल्म दिव्यावर लावणं. स्वयंपाकघरातलं काहीही दिवा घासू शकतं, झाकू शकत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. बाकी तुमचे प्रयोग येऊ द्या.

---

पेठेतला_पार्किंगवाला:

छान धागा. आमच्याकडे पेठेत गाडी लावायला जागाच नाही, त्यामुळे दोन वाड्यांच्या बोळात ऊन लागायचा प्रश्न येत नाही. पेठेचे फायदे लोकांना कळत नाहीत. :)

एक शंका. आजीच्या काळातली राखुंडी घरात आहे अजून. दातांना चालते तर दिव्याला का नको? आणि पितळेची भांडी घासायची पावडर?

---

कर्वेरोडकर:

राखुंडीचा दाणा एकसारखा नसतो. त्यात एखादा भरड कण असला तरी दिव्यावर असा चरा पडतो की तो काढायला परत वॉटर पेपर आणावा लागेल. पितळेच्या पावडरीचंही तेच, शिवाय तिच्यात आम्ल असतं, त्याचा इथे काही उपयोग नाही. पेस्ट चालते ती तिचा दाणा बारीक आणि एकसारखा असतो म्हणून. राखुंडी आजीलाच परत द्या.

---

मुठाकाठची:

वाचनखूण साठवली. नवऱ्याला लिंक पाठवली आहे, रविवारी दुपारी झोपायचा विचार करतोय तो.

---

रसायन_रसिक:

धागा आवडला. सोडा आणि व्हिनेगरबद्दल जरा सविस्तर, कारण निम्म्या व्हिडिओंमध्ये हीच जोडी असते.

खाण्याचा सोडा आम्लारी, व्हिनेगर म्हणजे पाण्यातलं सौम्य ॲसेटिक आम्ल. दोन्ही एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, तो फेस. मागे उरतं सोडियम ॲसिटेट आणि पाणी. म्हणजे दोघांनी एकमेकांना संपवलं. फेस बघायला छान, पण दिव्यावर काम करणारं त्यात काही राहिलं नाही. थोडाफार फरक दिसतो तो न विरघळलेल्या सोड्याच्या कणांमुळे आणि तुमच्या मनगटामुळे. वेगवेगळे वापरले असते तर निदान सोड्याने घासलं तरी असतं.

दुसरं, सोडा म्हणजे खाण्याचाच. धुण्याचा सोडा वेगळा, तो खूपच जास्त आम्लारीधर्मी असतो आणि पॉलिकार्बोनेटला तीव्र आम्लारी मानवत नाहीत. घरात दोन्ही पांढऱ्या पावडरी बिनलेबलच्या डब्यात असतात, म्हणून सांगितलं.

तेल लावल्यावर किंवा पाणी ओतल्यावर दिवा स्वच्छ का दिसतो, तेही सांगतो. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) साधारण १.५८, हवेचा १. खरबरीत पृष्ठभागावर प्रकाश प्रत्येक चऱ्यापाशी वेगळ्या दिशेला वळतो, म्हणून धुकं दिसतं. चऱ्यात पाणी (१.३३) भरलं की फरक कमी होतो, तेल (साधारण १.४७) भरलं की आणखी कमी. चरे तिथेच असतात, फक्त प्रकाशाला ते जाणवत नाहीत. म्हणूनच धागाकर्त्याची पाण्याची चाचणी बरोबर आहे आणि तेलाचा उपाय फसवा आहे.

आता काय अजिबात लावू नये. डास पळवायचं डीट असलेलं क्रीम किंवा स्प्रे. हाही व्हिडिओ फिरतो आणि दिवा खरंच चकचकीत होतो, कारण डीट काही प्लास्टिकांचा वरचा थर विरघळवतं. म्हणजे वितळवून गुळगुळीत केलेला दिवा. ओघळ गाडीच्या रंगावर आला तर रंगही जातो. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन, थिनर, पेट्रोल यांनी पॉलिकार्बोनेटला जाळीदार तडे जातात आणि ते कशानेही निघत नाहीत. अमोनिया असलेला काच पुसायचा द्रवही नको. शेवटचं पुसून घ्यायला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. बुधवार पेठेत मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं, सर्किट बोर्ड पुसायला तेच वापरतात. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं, ते मागे चिकट थर सोडतं.

---

स्पष्टवक्ता_४११०३०:

एवढा सगळा खटाटोप, टेप, कागदाचे चार नंबर, पॉलिश, वर क्लिअर कोट, आणि शेवटी ७० टक्के. नाना पेठेत जा, नवा दिवा घ्या, लावा, संपलं. काही लोकांना रविवारी वेळ घालवायला कारण हवं असतं.

---

कर्वेरोडकर:

या वादाची वाट बघतच होतो.

नवा दिवा घ्यावा, पण सगळ्यांनी नाही. तुमची गाडी साधी हॅलोजनची लहान हॅचबॅक असेल आणि दिव्याला पापुद्रे सुटले असतील, तर चांगल्या कंपनीचा नवा घेणं शहाणपणाचं, मी स्वतः तेच सांगतो. पण नाना पेठेत त्याच मापाचे हलके दिवेही मिळतात. आतला परावर्तक ओबडधोबड, उजेडाची कड सरळ पडत नाही. नवा पण वाईट दिवा जुन्या घासलेल्या दिव्यापेक्षा रात्री जास्त त्रास देतो. आणि एलईडी किंवा प्रोजेक्टरच्या दिव्याची मूळ किंमत ऐकलीत तर तुम्हीही वॉटर पेपर आणायला निघाल. माझ्या मेहुण्याला एका गॅरेजने दोन्ही दिवे बदला म्हणून सांगितलं होतं. पाणी ओतून बघितलं, दोन्ही ओले असताना स्वच्छ. घासले, क्लिअर कोट मारला, तो अजून त्याच दिव्यांवर कोकणात जाऊन येतो.

७० टक्के कमी वाटत असतील तर २२ शी तुलना करा.

---

स्पष्टवक्ता_४११०३०:

तिपटीहून जास्त, मान्य. रविवारबद्दलचं मत कायम.

---

घाटवेडी:

मी ताम्हिणी, वरंधा या बाजूला बऱ्याचदा रात्री असते, त्यामुळे उजेडाबद्दल थोडं.

धुरकट दिव्याचा त्रास फक्त आपल्याला नाही. जो उजेड रस्त्यावर पडायला हवा तो विखरून वर आणि बाजूला जातो, समोरच्याच्या डोळ्यात. म्हणजे आपल्याला दिसत नाही आणि त्यालाही दिसत नाही. आणि मग माणसं काय करतात, तर ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० वॉटचा बल्ब बसवतात. एक तर ते बेकायदेशीर. दुसरं, त्या उष्णतेने होल्डर वितळतात, परावर्तकाचा मुलामा जळतो आणि पुढचं प्लास्टिक आतून करपायला लागतं. बाहेरचं धुकं घासून जातं, आतून करपलेलं जात नाही. दिवा घासा, बल्ब आहे त्याच वॉटचा ठेवा.

काम झाल्यावर दिव्याचं तोंडही तपासून घ्या. इतकी वर्षं मंद उजेडामुळे कळलं नसतं, आता स्वच्छ दिव्यातून चुकलेली दिशा लगेच समोरच्याच्या डोळ्यात जाते. सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करून लो बीमची वरची कड दोन्ही दिव्यांची सारख्या उंचीवर आहे का बघा. आणि स्टीअरिंगच्या खाली ० ते ३ आकड्यांचं जे चाक असतं ते उजेड वाढवायचं नाही. एकटे असाल तर ०, मागे माणसं आणि डिकीत सामान असेल तर आकडा वाढवायचा, म्हणजे गाडी मागे बसल्यामुळे वर गेलेला झोत खाली येतो. माझ्या ओळखीचे कितीतरी लोक ३ वर ठेवून "उजेडच पडत नाही" म्हणतात!

---

पेठेतला_पार्किंगवाला:

मी आत्ता खाली जाऊन आलो. २ वर होतं. गाडी घेतल्यापासून असावं.

---

वाघोलीकर:

सगळे व्हिनेगरला मोडीत काढताय, म्हणून लिहितो. आमच्याकडे टँकरचं आणि बोअरचं पाणी. गाडी धुऊन उन्हात सोडली की काचांवर, दिव्यांवर पांढरे गोल डाग. ते घासून जात नाहीत. हे पिवळं पडणं नाही, क्षार आहेत. त्यावर व्हिनेगर काम करतं. व्हिनेगर आणि पाणी समसमान, फडकं भिजवून काही मिनिटं दिव्यावर ठेवायचं, मग भरपूर पाण्याने धुवायचं आणि कोरडं पुसायचं. लिंबू पण चालतं. शहरात खडकवासल्याचं मऊ पाणी मिळणाऱ्यांना हा आजार कळायचा नाही.

---

रसायन_रसिक:

वाघोलीकर, अगदी बरोबर, माझ्या प्रतिसादात हे राहिलं. कार्बोनेटी क्षार आम्लात विरघळतात, हे व्हिनेगरचं खरं काम. क्षाराचे डाग असताना थेट घासायला गेलं तर ते कणच वॉटर पेपरसारखे चरे पाडतात. म्हणून तुमच्या भागातल्या लोकांनी आधी व्हिनेगर, धुणं, मग पेस्ट.

---

झरेवाडी:

दिव्याच्या आत धुकं धरतं, सकाळी आतून थेंब दिसतात. त्याला पण टूथपेस्ट का?

---

कर्वेरोडकर:

नाही हो. थोडं बाष्प पावसाळ्यात धरतं आणि दिवा लावला की अर्ध्या-पाऊण तासात जातं, ते चालतं. दिव्याला मागे हवा खेळायला बारीक छिद्रं असतातच. पण तळाशी पाणी साठत असेल तर मागची रबरी टोपी नीट बसली नसेल किंवा चिकटवलेली कड सुटली असेल. आधी टोपी बघा, बल्ब बदलताना ती बऱ्याचदा वाकडी बसते. कड सुटली असेल तर दिवा गरम करून उघडून परत चिकटवावा लागतो, ते घरी ओव्हनमध्ये करायचे व्हिडिओ आहेत, पण घरच्या ओव्हनच्या काट्यावर विसंबून दिवा आत घालायला मी कुणालाही सांगणार नाही.

---

रंगारी_भोसरी:

माझं बॉडी-पेंटचं काम आहे, म्हणून क्लिअर कोटबद्दल चार शब्द.

टू-के म्हणजे क्लिअर आणि हार्डनर असे दोन भाग, मारायच्या आधी मिसळतात. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, ती फुप्फुसांना वाईट. साधा कापडी मास्क किंवा रुमाल बांधून हे काम करायचं नसतं, योग्य फिल्टरचा मास्क आणि मोकळी हवा लागते. बंद पार्किंगमध्ये पोरंबाळं खेळत असताना कुणी डबा फवारत असेल तर त्याला थांबवा. म्हणून हे आमच्यासारख्याकडून करून घ्या, दिवे तुम्ही घासून आणले तर मजुरी कमी पडते.

कोट मारायचा असेल तर आरशासारखं पॉलिश करून आणू नका. १००० ते २००० नंबरपर्यंत घासून, धुरकट असतानाच आणा. गुळगुळीत पृष्ठभागावर क्लिअर धरत नाही, पुढे सोलपटतं. बारीक चरे क्लिअरने भरून निघतात आणि दिवा आपोआप स्वच्छ दिसतो. लोक दोन तास पॉलिश करून आणतात आणि आम्हाला ते परत घासावं लागतं. टूथपेस्ट, सिलिकॉनचं पॉलिश, वॅक्स यातलं काही राहिलं असेल तर क्लिअरला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

भर पावसात मारू नका. हवा दमट असली की कोट दुधाळ होतो. पुण्यात दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत उत्तम, नाहीतर आत्ता, पाऊस यायच्या आत. दुकानात मिळणारा साधा एकभागी क्लिअर स्प्रे स्वस्त असतो, पण तो ऊन तेवढं सोसत नाही आणि काही डब्यांतला थिनर उघड्या प्लास्टिकला तडे देतो.

---

कर्वेरोडकर:

दादा, हा प्रतिसाद मूळ धाग्यात जोडायला हवा. पॉलिश करून आणू नका हे बहुतेकांना माहीत नसतं. म्हणजे दोन वाटा झाल्या: वॅक्सवर भागवणार असाल तर शेवटपर्यंत पॉलिश करा, क्लिअर मारणार असाल तर २००० वर थांबा. फिल्म लावायची असेल तर?

---

रंगारी_भोसरी:

फिल्मला पॉलिश केलेला दिवा हवा, खालचं जे आहे ते तसंच दिसतं. फिल्म चांगली, खडी पण झेलते, खराब झाली की काढून नवी लावता येते. वळणाच्या दिव्यावर लावायला हात बसलेला लागतो, कोपऱ्यात सुरकुत्या येतात. पारदर्शकच लावा, काळ्या-पिवळ्या छटेची नको, उजेड जातो आणि पोलीस पण थांबवतात.

---

टेकडीवाला:

अवांतर. रोज सकाळी वेताळ टेकडीवर एआरएआयच्या बाजूने चालायला जातो. एआरएआय म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, गाड्यांच्या चाचण्या घेणारी १९६६ सालची संस्था. गाड्यांचे दिवे, आरसे, ब्रेक सगळं अशा ठिकाणी कसोटीला लागतं. पण ते नव्या दिव्याचं. खाजगी गाडीचा दिवा एकदा रस्त्यावर आला की पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण येईपर्यंत त्याच्याकडे सरकारी नजरेने कुणी बघत नाही. माझ्या गाडीची पंधरा पूर्ण होताहेत, तपासणीला न्यायच्या आधी घासून ठेवतो.

---

मुठाकाठची:

अपडेट. नवरा झोपला नाही. एक दिवा टूथपेस्टने झाला, खरंच फरक आहे. दुसऱ्याला पापुद्रे आहेत, त्यावर पेस्ट ढिम्म. आता वॉटर पेपर आणायला निघालाय आणि मुलाला पण नेतोय. दोन प्रश्न. मुलाच्या स्कूटरचा हेडलाइट असाच झालाय, तोच उपाय का? आणि हेल्मेटची काच पण धुरकट आहे, तिच्यावर उरलेली पेस्ट फिरवू का?

---

कर्वेरोडकर:

ताई, स्कूटरच्या दिव्याला अगदी हाच उपाय. आकार लहान, अर्ध्या वेळात होतो. हँडलच्या बाजूच्या प्लास्टिकवर टेप लावायला विसरू नका, ते रंगवलेलं असतं.

हेल्मेटच्या काचेला मात्र हात लावू देऊ नका. प्लास्टिक तेच, लेपही तसाच, पण दिव्यातून उजेड बाहेर जातो आणि काचेतून आपण बघतो. पेस्टने पडलेले बारीक चरे दिवसा दिसणार नाहीत, रात्री समोरच्या प्रत्येक गाडीच्या दिव्याभोवती तारे फुटतील. काच धुवायला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. त्याने जात नसेल तर नवी काच घ्या. बहुतेक कंपन्यांच्या हेल्मेटची काच वेगळी मिळते, मॉडेलचं नाव हेल्मेटच्या आत लेबलवर असतं.

वॉटर पेपर आणताना १००० चे दोन कागद सांगा, पापुद्रे काढताना पहिला लवकर संपतो.